नोव्हेंबर ते जून जंगलातलं सिझनल काम, येऊर किंवा ऐरोली खाडीकडे. कुणी केलंय का?

पळसपान (कळवा)

नमस्कार मंडळी. बॉटनीत बीएस्सी झालंय, त्यानंतर लॅबमध्ये नोकरी केली ती आता सोडतेय, आणि एमएस्सीला पुढच्या जुलैत जायचंय. मधले सात-आठ महिने रिकामे आहेत आणि ते मला घरात बसून किंवा अजून एका एसी खोलीत घालवायचे नाहीयेत. प्राणी-पक्षी जिथे राहतात ती जागा सांभाळायचं जे हातापायाचं काम असतं, म्हणजे तण काढणं, पाणवठे साफ करणं, वणव्याच्या आधी जाळरेषा काढणं, खाडीत कचरा उचलणं, ते करायचंय. फोटोपुरतं एका रविवारचं नको, पूर्ण सिझन.

आमच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो आणि दर मार्चमध्ये रात्री त्याच्यावर आगीची नागमोडी रेघ दिसते, लहानपणापासून बघतेय, आणि दर वेळी वाटतं की हे थांबवायला तिथे कोण जातं, कोणाला बोलावतात. शोधायला गेले की नेटवर सगळीकडे जुलैतल्या वृक्षारोपणाचे बॅनर मिळतात, बाकी वर्षभर काय चालतं ते कुठेच नीट लिहिलेलं नाही.

तर विचारायचंय ते असं की हे काम नेमकं कुठल्या महिन्यात काय असतं, बाहेरच्या माणसाला त्यात घेतात का, पैसे मिळतात की निव्वळ स्वयंसेवा, आणि मुलगी म्हणून जाताना काही वेगळी काळजी घ्यावी लागते का. अंगमेहनतीची तयारी आहे. आईला मात्र बिबट्याचीच भीती जास्त आहे, तिला काय सांगू तेही सांगा.

---

रानवाटा_ठाणे

ताई, प्रश्न अगदी बरोबर वेळेला विचारलायस कारण पाऊस ओसरला की लगेच काम सुरू होतं, आणि जानेवारीत आलीस तर निम्मं निघून गेलेलं असतं. मी येऊरच्या बाजूला एका संस्थेबरोबर काही सिझन काम केलंय, वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसांच्या हाताखाली. मला माहिती आहे तेवढं सांगतो, लांब होईल.

पहिलं येतं पाणी. सप्टेंबर संपताना ओढे वाहत असतात, तेव्हा कोणाला पाण्याची चिंता वाटत नाही, पण बांध घालायची वेळ तीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून ओढ्यात आडव्या रचतात, त्याला वनराई बंधारा म्हणतात. नीट बसला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत डोह टिकतो आणि आजूबाजूची जमीन ओली राहते. पावसाच्या आधी त्या गोणी काढून परत आणायच्या असतात आणि हे काम खूप ठिकाणी राहून जातं, मग ते प्लास्टिकचे धागे फाटून ओढ्याबरोबर खाली खाडीपर्यंत जातात. तू गेलीस तर मे अखेरीला गोणी काढायच्या यादीत आपलं नाव आठवणीने टाक, तिकडे माणसं कमी पडतात.

त्याच सुमाराला तण. घाणेरी आणि रानमोडी ही दोन नावं तू बॉटनीत लँटाना आणि क्रोमोलिना म्हणून शिकली असशील. घाणेरी नुसती वरून कोयत्याने छाटली तर दुप्पट फुटते, हे आमच्या बरोबरच्या पाड्यावरच्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिल्लीतले प्रोफेसर सी. आर. बाबू यांनी बसवलेली पद्धत आता बऱ्याच अभयारण्यांत वापरतात, झुडपाचं मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली, जिथून फुटवे येतात त्याच्याही खाली तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं. मुळं वाळतात, खेळ संपला. हे पावसाळा संपता संपता करायचं, जमीन मऊ असते आणि फळं पिकून काळी झालेली नसतात. फळं पिकली की बुलबुल खातात आणि बी अख्ख्या जंगलात पेरतात, मग तू एक झुडूप काढलंस आणि दहा उगवली असं होतं. आणि हो, एकदा काढून विषय संपत नाही, पुढची दोन-तीन वर्षं पहिल्या पावसानंतर तिथे जाऊन हाताने रोपटी उपटावी लागतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवताचं बी टाकावं लागतं, नाहीतर घाणेरीच्या जागी रानमोडी किंवा गाजरगवत बसतं. ज्यांना निधी मिळतो तो पहिल्या वर्षाचा मिळतो आणि फॉलोअपच्या वर्षी कोणी येत नाही, ही या कामातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे.

सगळा पट्टा एका दमात उघडा करायचा नाही हेही लक्षात ठेव. घाणेरी वाईट असली तरी आज त्याच झुडपात ससे, रानकोंबड्या, छोटे पक्षी लपतायत, म्हणून तुकड्यातुकड्याने काढायची, एक तुकडा सावरला की मग पुढचा.

डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा, त्यावर दुसरं कोणीतरी जास्त नीट सांगेल. मार्चपासून मेपर्यंत पाणवठे आणि आग, एवढंच चालतं.

---

माझं_घोडबंदर

छान विचार आहे पण मला वाटतं सगळ्यात गरज झाडं लावायची आहे. आमच्या सोसायटीने दरवर्षी पावसात डोंगरावर रोपं लावायचा कार्यक्रम ठेवलाय, त्यात या, सगळ्यांनी असं केलं तर डोंगर हिरवा होईल.

---

निवृत्त_वनपाल

मी वनखात्यात होतो, ठाणे जिल्ह्यात बरीच वर्षं. वरच्या सभासदांच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो, येऊरच्या जंगलाला रोपांची कमी नाही. ऐन, किंजळ, कुडा, पळस, काटेसावर, मोह, सगळं आपणहून उगवतं. उगवलेलं दोन-चार वर्षं जगू द्यायचं, ते होत नाही, कारण दर उन्हाळ्यात खालून आग जाते आणि बोटाएवढी रोपं संपतात. मोठं झाड वाचतं, जाड सालीचं असतं ना. त्यामुळे लांबून डोंगर हिरवा दिसतो पण खाली पुढची पिढीच नसते. लावलेल्या हजार रोपांपेक्षा एक आग अडवली तर जास्त झाडं उभी राहतात, हे मी डोळ्याने बघितलंय.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याच्या आधी जाळरेषा तयार पाहिजेत. म्हणजे काय, तर जंगलाच्या हद्दीवरून, रस्त्याच्या कडेने, एका कंपार्टमेंटच्या, म्हणजे खात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, कडेने गवत आणि पाचोळा साफ केलेला पट्टा. रुंदी जागेवर ठरते, आतल्या रेषा अरुंद आणि हद्दीच्या रुंद. आधी गवत कापायचं, ते पट्ट्यात वाळू द्यायचं, मग डिसेंबर-जानेवारीत सकाळचं दव असताना किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर माणसं दोन्ही बाजूला उभी करून ते ठरवून जाळायचं. मार्चमध्ये बाहेरून आग आली की तिला त्या पट्ट्यात खायला काही मिळत नाही. एकदा काढून पुरत नाही, जानेवारीनंतर पानगळ जोरात होते, सागाची ताटाएवढी पानं त्याच पट्ट्यावर पडतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये परत परत झाडावं लागतं. आता पाचोळा हवेने उडवणारे ब्लोअर आलेत, एक माणूस पाठीवर घेऊन तासाभरात जेवढं साफ करतो तेवढ्याला पूर्वी दाताळं घेऊन अर्धी टोळी लागायची.

आग लागल्यावरचं काम नवख्याने पुढे होऊन करायचं नाही. ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवतात, पण वारा कुठला, चढ कुठला, हे कळल्याशिवाय नाही. आग चढावर धावते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहू नये. मुलीला हे एक वाक्य पाठ करून ठेवू द्या.

आग कोणी लावतं हाही प्रश्न येतोच. आपल्या जंगलात आपोआप आग लागत नाही असं समजा. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, नवं गवत लवकर फुटावं म्हणून पेटवतात, मधाच्या पोळ्याला धूर करतात आणि निखारा तसाच राहतो, आणि शहराजवळ आता रात्रीच्या पार्ट्या, शेकोट्या, फेकलेल्या सिगरेटी. पारसिकसारख्या सुट्या डोंगरावर तर चारही बाजूंनी वस्ती, कुठूनही सुरू होते. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाईटवरून आगीचे ठिपके पकडून मोबाईलवर मेसेज पाठवते, त्यात सामान्य नागरिकालाही नाव नोंदवता येतं. शिवाय वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाईन आहे, १९२६. खिडकीतून रेघ दिसली की १९२६ लावा आणि अग्निशमनलाही कळवा, दुसऱ्या कोणीतरी केला असेल फोन असं समजू नका.

एक कायद्याची गोष्ट. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, उद्यान साधारण १०३ चौरस किलोमीटरचं आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, परवानगीशिवाय काही कापणं, उचलून नेणं, अगदी तण असलं तरी, गुन्हा आहे. पडलेलं वाळकं झाडसुद्धा तिथेच राहू द्यायचं, त्याच्या ढोलीत आणि सालीखाली केवढे जीव असतात. म्हणून आठ-दहा मित्र जमवून कोयते घेऊन थेट आत जायचं नाही, वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्यायचा, ते सांगतील तिथे आणि सांगतील तेवढंच.

---

येऊरकर

काका बरोबर बोलले. मी पाड्यावरचा, आमच्याकडे घरटी एक तरी माणूस खात्याच्या रोजंदारीवर गेलेला आहे, माझी आई पण जाते जाळरेषेला, बायका खूप असतात त्या कामात, तेव्हा ताई तू एकटी मुलगी असशील असं काही नाही, गवत कापायला आणि झाडायला निम्म्याच्या वर बायकाच असतात आणि दुपारी भाकरी सोडायला बसलो की तुला सोडणार पण नाहीत खाल्ल्याशिवाय.

पैशाचं स्पष्ट सांगतो. रोजंदारी ही आधी इथल्या लोकांना मिळते आणि मिळायलाच पाहिजे, कारण गुरं आत चारायला बंदी, लाकूड आणायला बंदी, मग उन्हाळ्यातला हा रोजच आमचा आधार. पैसे कधी कधी काम संपल्यावर खूप उशिराने येतात, मला एका ठेकेदाराकडून होळीच्या आधीच्या कामाचे पैसे पाऊस लागल्यावर मिळालेत, तोपर्यंत दुकानात उधारी. म्हणून तुला पगार घेऊन यायचं असेल तर एखाद्या संस्थेच्या प्रोजेक्टमधून ये, सर्व्हे किंवा नोंदी ठेवायचं काम असतं त्याला मानधन असतं, आणि रोजंदारीच्या जागेवर नको येऊस. राग मानू नकोस, तुला पर्याय आहे, माझ्या आईला नाही.

पण तुझ्या शिक्षणाचा खरंच उपयोग आहे. घाणेरी काढताना नवीन टोळी असली की लोक कारवीची झुडपं पण कापून टाकतात कारण वाळली की सगळं सारखंच दिसतं. कारवी २०२४ ला फुलली होती बघ, आठ वर्षांनी, त्याच्या आधी २०१६ ला. फुलून गेली की झाडं मरतात आणि काटक्या उभ्या राहतात, त्या आगीला लगेच पेटतात म्हणून काढा असं कोणीतरी म्हणतं, पण बी त्याच काटक्यांवर असतं, उन्हाने तडतडून उडतं आणि पुढच्या पावसात रोपं येतात. ती रोपं आता बारीक आहेत, त्यांच्यात पाय टाकून घाणेरी उपटायची म्हणजे कळणारं माणूस बरोबर पाहिजे. तू ओळखशील, दोरी बांधून तुकडा वेगळा करून देशील, तर ते काम मोठं.

बिबट्याचं आईला सांग, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतोय. अंधार पडायच्या आत खाली यायचं, एकटं फिरायचं नाही, वाकून गवत कापताना एकाने उभं राहून बोलत राहायचं, आवाज असला की तो बाजूला जातो. मला बिबट्यापेक्षा फुरशाची, त्या छोट्या विषारी सापाची, भीती जास्त वाटते. दगड उचलायच्या आधी कुदळीने हलवायचा, गवताच्या पेंडीत हात घालायच्या आधी काठीने झोडपायची. आणि आग्या मोहोळ बघून ठेवायचं, त्या दिवशी सेंट-बिंट लावून यायचं नाही.

आणि खाजकुयली! डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा वाळतात आणि वाऱ्याने कुसं उडतात, अंगावर बसली की वेड लागायची पाळी येते. चोळायचं नाही अजिबात, जेवढं चोळशील तेवढी आत जातात. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाल, टीशर्ट नको.

---

खाडीकाठचा

येऊरचं झालं, आता जरा आमच्याकडं पण बघा. मी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला, आजोबा-वडील खाडीतच मासेमारी करायचे, मी स्वतः कांदळवनातल्या, म्हणजे खारफुटीच्या जंगलातल्या, साफसफाईला आणि बोटीवर दोन्हीकडे काम केलेलं आहे.

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ ला जाहीर झाला, साधारण १,६९० हेक्टर, आणि २०२२ ला आजूबाजूचा पट्टा धरून ६,५२१ हेक्टर रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. सांभाळायला वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, तो २०१२ पासून, आणि ऐरोलीला त्यांचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तुला कळव्याहून ट्रेनने ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने ऐरोली, सोपं. सुरुवात तिथे जाऊन विचारण्यापासून कर.

खाडीतलं काम महिन्यावर कमी आणि तिथीवर जास्त चालतं. आमच्याकडे हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती सकाळी आणि संध्याकाळी, आणि बारा वाजता ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. इथे आत खाडीत थोडी उशिरा लागते ते धरायचं. आता उधाण असेल, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, तर पाणी पार आतल्या तिवरांपर्यंत, कांदळवनातल्या झाडांपर्यंत, चढतं, कचऱ्याच्या पिशव्या भरून ठेवल्या असतील तर त्या पण परत वाहून जातात. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, पाणी आतपर्यंत येतच नाही, तेव्हा आतला भाग साफ करायचा, सकाळी साडेनऊ-दहाला उतरलं तर दोन-तीनपर्यंत निवांत काम होतं. हौशी लोक रविवार बघून येतात, मी म्हणतो पंचांग बघून या.

कचरा काढायचा म्हणजे ओढायचा नाही. तिवराची श्वासाची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात, त्यांना प्लास्टिक, जुनी जाळी, कपडे गुंडाळलेले असतात, जोर लावून ओढलं की मुळं तुटतात आणि झाडाला हवा मिळेनाशी होते. कात्री घेऊन कापायचं, तुकडे करून काढायचं. पाऊल मुळांच्या मधल्या मोकळ्या चिखलात टाकायचं आणि शंभर लोकांनी शंभर वाटा पाडायच्या नाहीत, एका रांगेत एकाच वाटेने जायचं, खाली खेकड्यांची बिळं आहेत, निवट्या म्हणजे चिखलातले मासे आहेत, त्यांचं घर आहे ते.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. ओहोटीला जो उघडा चिखल दिसतो ना, झाडं नसलेला, तो रिकामा नाही. फ्लेमिंगो त्याच्यावरच जगतात, चिखलातलं आणि उथळ पाण्यातलं शेवाळ, बारीक जीव खातात. नोव्हेंबरच्या सुमारास यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत असतात. तिथे कोणी कांदळवनाची रोपं लावायला निघालं की माझा जीव खालीवर होतो, हेतू चांगला असतो पण पक्ष्यांचं ताट काढून घेतल्यासारखं होतं. जिथे पूर्वी तिवर होती आणि भराव टाकून किंवा पाणी अडून मेली, तिथे लावा. खरं तर तिथे पण लावायच्या आधी बारीक चर खणून भरतीचं पाणी आत-बाहेर करायची सोय करा, पाणी खेळलं की बऱ्याच ठिकाणी बिया आपणहून येऊन रुजतात. तिवराचं बी पावसाळ्यात पिकून पाण्यावर तरंगत येतं, त्याच वेळी ते गोळा करून नर्सरीत पिशव्यांत लावतात, ते काम बायकाच करतात जास्त.

भरतीला खाडीचा चिखल बुडला की फ्लेमिंगो नेरूळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर जाऊन बसतात. म्हणजे खाडी आणि ती तळी मिळून त्यांचं एक घर आहे. तिथे समुद्राचं पाणी आत यायचे पाईप आणि नाले असतात, ते बुजले की पाणी साचतं, शेवाळाचा थर धरतो आणि पक्षी उतरेनासे होतात. पाईपाच्या तोंडाशी साठलेला गाळ-कचरा काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात गरजेचं. तेही परवानगी घेऊनच. आणि पक्षी बसलेले असताना जवळ जायचं नाही, थवा उठला की त्यांची खायची वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात, फोटोसाठी ड्रोन उडवणाऱ्यांना तर मी सरळ हटकतो.

---

माझं_घोडबंदर

वनपाल काका आणि येऊरकर, एवढं सविस्तर मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सोसायटीत आमच्याकडे मनुष्यबळ आहे, पैसेही थोडे आहेत. मग आम्ही जुलैऐवजी काय करावं?

---

निवृत्त_वनपाल

फेब्रुवारीत या. परिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून तुमच्या बाजूच्या जाळरेषेवरचा पाचोळा झाडायचं मागा, त्याला कौशल्य लागत नाही, माणसं लागतात. पैसे असतील तर ब्लोअरचं पेट्रोल, टोळीसाठी चांगले बूट, पाण्याचे जार याची विचारणा करा. आणि सोसायटीची मागची भिंत जंगलाला लागून असेल तर तिथे कचरा जाळणं बंद करा आणि ओला कचरा उघडा ठेवू नका, कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. जंगलाच्या कामाचा अर्धा भाग जंगलाच्या बाहेर आहे.

---

रानवाटा_ठाणे

पाणवठ्याचं मी अर्धवट सोडलं होतं ते पूर्ण करतो. मार्चनंतर नैसर्गिक झरे किती टिकतात ते बघून जिथे आटतं तिथे कृत्रिम पाणवठ्यात टँकरने किंवा पाईपने पाणी भरतात. ते आधी साफ करावे लागतात, तळाचा कुजका पाला आणि गाळ घमेल्याने काढायचा, काथ्याने किंवा ब्रशने घासायचं, साबण-ब्लीचिंग काही नाही. सगळं पाणी एकदम उपसायचं नाही, त्यात बेडूक-किडे असतात, थोडं शिल्लक ठेवून करायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका बाजूने उतार असला पाहिजे. उभ्या भिंतीच्या टाकीत सरडे, खारी, पिल्लं पडतात आणि वर येता येत नाही, बुडून मरतात. उतार नसेल तर दगड रचून किंवा जाड फांदी टाकून वाट करून द्यायची, अगदी पाच मिनिटांचं काम आहे.

आणि वही ठेव. कुठल्या झऱ्याचं पाणी कुठल्या आठवड्यात आटलं, काठावर कुणाचे ठसे, हे रोज लिहिलं तर पुढच्या वर्षी टँकर कुठे आधी न्यायचा ते ठरवता येतं. बॉटनीवालीला हे जमेल. बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची जी गणना होते ती एका रात्रीची, वर्षभराची वही त्याहून उपयोगी असं माझं मत.

---

पळसपान (कळवा)

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे आईला वाचून दाखवलं, फुरशाचं वाचताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण निम्म्याच्या वर बायका असतात हे ऐकून बरीच शांत झाली. येऊरकर दादा, राग कशाला येईल, तुमचं म्हणणं पटलं, मी रोजंदारीच्या जागेवर येणार नाही, कारवीच्या रोपांचे तुकडे आखून द्यायचं काम कोणत्या संस्थेमार्फत करता येईल ते परिक्षेत्र कार्यालयात विचारते. खाडीसाठी ऐरोलीच्या केंद्रात या शनिवारी जातेय.

दोन शंका राहिल्या. एक, पुढे हेच कायमचं करायचं ठरवलं तर वनरक्षक भरतीला माझं शिक्षण चालतं का. दोन, बूट कोणते घेऊ, जंगल आणि चिखल दोन्हीला एकच चालतील का?

---

निवृत्त_वनपाल

वनरक्षकाला १२वी लागते, विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यापैकी एक विषय असलेली, तुझं त्याच्या पुढचंच आहे. लेखी परीक्षा आणि धावणं, मुलींना ३ किलोमीटर. जाहिरात आली की वय, उंचीच्या अटी नीट वाच. पोरी, धावायचा सराव आत्तापासून ठेव, उपवन तलावाला सकाळी चकरा मारणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुली दिसतील, त्यांच्यात मिसळ.

---

खाडीकाठचा

एकच चालणार नाहीत. चिखलाला गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पण सैल घेऊ नको, सैल बूट चिखलात अडकून राहतो आणि पाय तेवढा वर येतो, घोट्यापाशी घट्ट बसणारे बघ आणि आत लांब मोजे घाल. बुटाशिवाय उतरू नको, काचा आणि सुया दोन्ही सापडतात. हातमोजे रबरी जाड. शनिवारी येशील तर सकाळी ये, तिथी बघून मी तुला सांगतो ओहोटी किती वाजता आहे ते.

---

येऊरकर

जंगलाला घोट्याच्या वर येणारे कडक बूट, सोल जाड, बोरीचे आणि करवंदीचे काटे साध्या सोलातून आरपार येतात. गोचिडीसाठी पँट मोज्यात खोचायची आणि घरी गेल्यावर कपडे आधी गरम पाण्यात. कोयता विकत आणू नको, पाड्यावर लोहाराकडून धार लावलेला मिळेल, नवीन दुकानातला हाताला बसत नाही. ठाणे स्टेशनवरून येऊरची टीएमटी बस मिळते, सकाळची पहिली पकड, टोळी उन्हाच्या आधी चढते.